अडलेली फाइल घेऊन या : नाशिकमध्ये बीआय वापरणाऱ्यांचा गट बांधताना

अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांत, पिंपळगाव-दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये, शरणपूर रोडवरच्या सीए ऑफिसांत रोज सकाळी कुणीतरी एकजण कालचा डेटा उतरवून रिपोर्ट लावत बसलेला असतो. याच कामाला बीआय, म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात. कार्डावर 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' असतं, कधी नुसतंच 'अकाउंट्स'. बहुतेक ठिकाणी हे काम येणारा माणूस कंपनीत एकटाच. मशीन अडलं तर मेंटेनन्स आहे, कॉम्प्युटर अडला तर आयटीवाला आहे. रिपोर्ट अडला तर विचारायला कुणी नाही. युजर ग्रुप काढायचा तो या माणसासाठी.

हा माणूस सॉफ्टवेअर शिकायचं म्हणून येत नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये दाखवायचा आकडा जुळत नाही म्हणून येतो. तो जुळला तर पुढच्या महिन्यात परत येतो. नाही जुळला तर 'कार्यक्रम छान झाला' म्हणून जातो आणि पुन्हा दिसत नाही. म्हणून गटाच्या मध्यभागी भाषण नको, अडलेली फाइल हवी. पण ती फाइल कंपनीची असते, चारचौघांत उघडता येत नाही. या एका गाठीपाशी बरेच गट बसतात. ती सुटत नाही, मग लोक तयार नमुन्याच्या फाइलवर भाषणं ठेवतात, आणि चौथ्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या राहतात.

वापरणाऱ्यांनी एकत्र येणं काही नवीन नाही. आयबीएमचे मोठे संगणक वापरणाऱ्यांनी १९५५ साली लॉस एंजेलिस परिसरात 'शेअर' नावाचा गट काढला, कारण प्रत्येक कंपनी तेच प्रोग्राम आपापल्या घरी नव्याने लिहीत होती. सॅस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं पहिलं संमेलन १९७६ च्या जानेवारीत फ्लोरिडात झालं, आणि कंपनी म्हणून सॅसची नोंदणी त्याच वर्षी जुलैत झाली. म्हणजे वापरणारे आधी जमले, कंपनी मागून आली. दोन्ही ठिकाणी माणसं जमली ती एकमेकांचं काम हलकं करायला. नाशिकमध्ये दहा जणांना जमवताना यापेक्षा वेगळं काही करायचं नाही.

गटाच्या नावात मात्र सॉफ्टवेअरचं नाव घालू नका. गूगलच्या डेटा स्टुडिओचं नाव ऑक्टोबर २०२२ मध्ये लुकर स्टुडिओ झालं, तेव्हा जुन्या नावाचे कितीतरी गट एका दिवसात जुने दिसायला लागले. शिवाय इथल्या मंडळींकडे एकच सॉफ्टवेअर नसतं. डेटा टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये, रिपोर्ट मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये, आणि एखादा मेटाबेस किंवा झोहो वापरणारा. नाव कामावरून ठेवा. मी पुढे पॉवर बीआयची उदाहरणं देतोय, कारण डेस्कटॉप आवृत्ती फुकट आहे आणि गटात तीच सगळ्यात जास्त दिसते.

दिवस आधी ठरवा

लोक 'सगळ्यांना सोयीचा वार' म्हणून पोल टाकतात. त्यापेक्षा कॅलेंडर उघडा. महिन्याचे पहिले सात-आठ दिवस क्लोजिंगचे. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ हे जीएसटीचं रिटर्न, २० ला ३-बी हे दुसरं. दुसरा शनिवार ८ ते १४ मध्ये येतो, म्हणजे नेमका या धांदलीत. तिसरा १५ ते २१ मध्ये, तोही ३-बीच्या तोंडावर. चौथा शनिवार कुठल्याही महिन्यात २२ ते २८ यांच्यातच पडतो, तेव्हा अकाउंट्सची माणसं जरा मोकळी असतात. बँकाही त्या दिवशी बंद असतात, त्यामुळे बँकेच्या कामाची धावपळ नसते. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी एकसारखी नसते आणि जनरल शिफ्ट साडेपाचच्या सुमारास सुटते, म्हणून वेळ संध्याकाळी सहाची धरा. मार्च महिना वर्षअखेरीचा, तो सरळ सोडून द्या. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत, त्या दोन महिन्यांच्या बैठका आतापासूनच ऑनलाइन ठरवून ठेवा. शहरात गाडी घालणं तेव्हा कुणालाच जमणार नाही.

एकदा चौथा शनिवार ठरला की चारच माणसं आली तरी बैठक घ्या. पुढे ढकललेली बैठक म्हणजे रद्द झालेली बैठक.

जागा अंबड आणि सातपूर दोन्हीकडून येणाऱ्यांना सारखी पडेल अशी बघा, त्र्यंबक रोडच्या आसपास. निमा किंवा आयमासारख्या उद्योजक संघटनांकडे, सीए संस्थेच्या नाशिक शाखेकडे किंवा एखाद्या कॉलेजच्या लॅबसाठी विचारून बघा. वीस खुर्च्या पुरतात. प्रोजेक्टरपेक्षा प्लग पॉइंट महत्त्वाचे: दहा लॅपटॉपला किमान दोन एक्स्टेन्शन बोर्ड, आणि तेही चार-पाच सॉकेटचे. एचडीएमआयची केबल आपली आपण न्या. नव्या लॅपटॉपना टाइप-सीच असतं, तो अडॅप्टरही बॅगेत हवा.

पॉवर बीआय डेस्कटॉपचं इन्स्टॉलर अर्ध्या जीबीहून मोठं आहे. हॉलच्या वायफायवर पंधरा जणांनी ते एकदम उतरवायला घेतलं की पहिला तास गेला. पेनड्राइव्हवर आधी घेऊन ठेवा. ते फक्त विंडोजवर चालतं, मॅक घेऊन येणाऱ्याला आदल्या दिवशीच कळवा. कंपनीच्या लॅपटॉपवर ॲडमिनचे हक्क नसतात, तिथे मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली आवृत्ती बहुधा लागते, आणि ती स्वतःच अपडेट होत राहते. डेस्कटॉप दर महिन्याला बदलतं. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडली की ती नव्या आवृत्तीची असल्याची सूचना येते. म्हणून निमंत्रणातच 'अमुक महिन्याची आवृत्ती' असं लिहा.

आणखी एक. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सर्व्हिसला ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. नोकरी बदलण्याच्या बेतात असलेला किंवा स्वतंत्र काम करणारा माणूस तिथेच थांबतो आणि 'हे आपल्याला जमणार नाही' असं समजून बसतो. पहिल्या तीन बैठका डेस्कटॉपवरच ठेवा, लॉगिनची गरजच नाही.

दोन तास कसे घालवायचे

दहा मिनिटं ओळख. नाव, काम, आणि 'सध्या काय अडलंय' हे एका वाक्यात. मग पंचेचाळीस मिनिटांत तीन अडलेल्या फाइली, प्रत्येकी पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग चहा वीस मिनिटं. या वीस मिनिटांना कात्री लावू नका, खरे प्रश्न तिथेच निघतात. उरलेल्या पाऊण तासात एकच गोष्ट सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवर करून बघायची.

फाइल सोडवताना एक नियम फार उपयोगी पडतो: माऊस मालकाच्या हातात. जाणकार माणूस शेजारी उभा राहून तोंडी सांगणार, हात लावणार नाही. जाणकाराने माऊस घेतला की तीन मिनिटांत फाइल सुटते, टाळ्या पडतात आणि मालकाला घरी गेल्यावर काही आठवत नाही. पंधरा मिनिटांत सुटली नाही तर तिथेच थांबा आणि पुढचा प्रयत्न कोण करणार त्याचं नाव लिहा. एका फाइलीत तास गेला तर बाकीचे दोघं पुढच्या वेळी फाइल आणणार नाहीत.

बुधवारपर्यंत फाइल मागवा. सोबत तीन ओळी: माझ्याकडे काय आहे, मला काय हवंय, प्रत्यक्षात काय येतंय. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. फॉर्म्युला बार दिसेल असा स्क्रीनशॉट हवा. आणि डेटाच्या नुसत्या वरच्या दहा ओळी पाठवू नका. असं का, ते जवळून दाखवतो, कारण नाशिकच्या फाइलींत हाच घोळ सगळ्यात जास्त सापडतो.

टॅली किंवा ईआरपीमधून निघालेल्या फाइलमध्ये तारीख बरेचदा ०१-०४-२०२५ अशी, मजकूर म्हणून येते. लॅपटॉपचं रिजनल सेटिंग अमेरिकन असेल तर पॉवर क्वेरी, म्हणजे पॉवर बीआयमधला डेटा आत घेणारा भाग, तिला ४ जानेवारी म्हणते. ०२-०४ झाली ४ फेब्रुवारी, ०३-०४ झाली ४ मार्च. १ ते १२ एप्रिलची विक्री अशी बारा महिन्यांत विखुरते, प्रत्येक महिन्याच्या ४ तारखेला. १३ एप्रिलपासून पुढे तेरावा महिना नसतो, म्हणून एरर येते. माणूस 'रिमूव्ह एरर्स' दाबतो. आता रिपोर्ट स्वच्छ दिसतो, आलेख छान चढतो-उतरतो, आणि प्रत्येक महिन्याची १३ तारखेपासूनची विक्री गायब असते. फाइलच्या वरच्या दहा ओळी १ एप्रिलच्याच असतील तर हे कुणालाही दिसणार नाही. शोधायची खूण सोपी: तारखेतला दिवस वेगळा काढा आणि मोजा. १२ च्या वरचा एकही दिवस नसेल तर हाच रोग.

उपाय दोन पायऱ्यांचा, आणि लोक पहिली विसरतात. उजवीकडच्या यादीतली 'चेंज्ड टाइप' ही आपोआप आलेली पायरी आधी पुसा. मग कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक, चेंज टाइप, युजिंग लोकेल, तिथे डेट आणि इंग्लिश इंडिया. जुनी पायरी न पुसता नवी घातली तर तारीख आधीच चुकलेली असते, नवी पायरी चुकलेल्या तारखेवरच चालते. याच घरातली दुसरी गोष्ट: पॉवर क्वेरी कॉलमचा प्रकार पहिल्या २०० ओळी बघून ठरवते आणि कॉलमची तपासणी नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिल्या १,००० ओळींवरच करते. ३,००० व्या ओळीत कुणी रकमेच्या जागी 'नील' लिहिलं असेल तर रिफ्रेशच्या वेळीच कळतं. म्हणून नमुना घ्यायचा तो वरून, मधून आणि शेवटून, मिळून पन्नास-साठ ओळींचा.

डेटा झाकायचा कसा

गटाने सगळ्यात आधी शिकायचं ते डॅक्स, म्हणजे पॉवर बीआयची फॉर्म्युल्यांची भाषा नव्हे, डेटा झाकणं. मोठ्या गाडी कंपन्यांना माल देणाऱ्या पुरवठादाराने गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. पार्ट नंबर, रेट, रिजेक्शन यातलं काहीही बाहेर गेलं तर नोकरीवर येतं. पहिल्या बैठकीचा पाऊण तास याच कामाला द्या. झाकलेली फाइल साहेबांना दाखवून 'ही नेऊ का' असं विचारता आलं पाहिजे. साहेब एकदा हो म्हणाले की तो माणूस गटाचा कायमचा झाला.

पायऱ्या अशा. मूळ फाइलची प्रत घ्या. ग्राहक, पुरवठादार, पार्ट यांच्या वेगवेगळ्या नावांची यादी काढून प्रत्येकाला कोड द्या: ग्राहक ०१, ग्राहक ०२. ही जुळणी यादी ऑफिसातच राहणार, झाकलेल्या फाइलमध्ये ती शीट असता कामा नये. दोन-तीन टेबलं असतील तर सगळीकडे तोच कोड. विक्रीत एक आणि वसुलीत दुसरा झाला तर टेबलांना जोडणारी रिलेशनशिप तुटते आणि आपण भलताच प्रश्न सोडवत बसतो. रकमा एका गुप्त आकड्याने गुणा, समजा १.३७. टक्केवारी आणि प्रमाणं तशीच राहतात, त्यामुळे रिपोर्टची तपासणी करता येते. पण एक खरा रेट कुणाला माहीत असेल तर भागाकार करून तो आकडा निघतो, मग सगळंच उघडं. बाजारात सगळ्यांना ठाऊक असलेला रेट, म्हणजे स्टीलचा वगैरे, त्या ओळी काढूनच टाका. रकमा एक्सेलच्या रँडबिटवीन या वाटेल तो आकडा देणाऱ्या फंक्शनने बदलणार असाल तर लगेच कॉपी करून व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, नाहीतर प्रत्येक वेळी शीट हलली की आकडे बदलतात आणि कालचं उत्तर आज जुळत नाही.

तारखा सरकवायच्या असतील तर ३६४ दिवसांनी सरकवा. ३६४ म्हणजे बरोबर ५२ आठवडे, त्यामुळे सोमवार सोमवारच राहतो आणि साप्ताहिक सुट्टीचा नमुना मोडत नाही. महिन्याच्या टोकाला एक-दोन दिवसांचा फरक पडतो. अडचणच महिनाअखेरीची असेल तर तारखा सरकवू नका.

कामगारांची नावं, मोबाइल, रुग्णांची माहिती असलेला कॉलम कोड न देता सरळ काढून टाका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, आणि गटाच्या लॅपटॉपवर अशी माहिती येऊ देण्याचं काहीच कारण नाही.

एक गोष्ट मात्र झाकू नका: घाण. नावापुढची मोकळी जागा, 'नासिक' आणि 'नाशिक' अशी दोन स्पेलिंग, मध्येच आलेली टोटलची ओळ, मर्ज केलेले सेल. माणसं फाइल आणण्याआधी लाजेपोटी हे सगळं आवरून आणतात आणि मग एररच येत नाही. अडचण त्या घाणीतच असते. ग्राहकाला कोड देताना मूळ नावाच्या दोन स्पेलिंगांना दोन कोड द्या, तरच दुहेरी ओळ का येते ते दिसेल.

झाकल्यावरही डेटा कुठे लपून राहतो हे माहीत हवं. एक्सेलमध्ये मूळ शीट पुसली तरी पिव्हट टेबलच्या कॅशमध्ये सगळ्या ओळी राहतात. बेरजेवर डबल क्लिक केलं की त्या नव्या शीटवर उघडतात. लपवलेल्या शीटा, कमेंट, लेखकाचं नाव यांसाठी फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट हा रस्ता. पॉवर बीआयच्या फाइलमध्ये इम्पोर्ट केलेला सगळा डेटा आत असतो. पान पुसून, फिल्टर लावून किंवा टेबल 'हाइड' करून तो जात नाही. टेम्पलेट म्हणून सेव्ह केलं तर डेटा फाइलसोबत येत नाही, पण सर्व्हरची नावं आणि फोल्डरचे पत्ते येतात. म्हणून आधी एक्सेल झाका, मग त्यावर नवी पॉवर बीआय फाइल बांधा. उलटं करू नका.

'पब्लिश टू वेब' हे बटण गटात कुणी वापरणार नाही, हा पहिल्याच दिवशी सांगायचा नियम. त्या लिंकला लॉगिन नसतं, ज्याच्या हाती लागेल तो डेटा बघू शकतो. 'साहेबांना मोबाइलवर दाखवायला सोपं' म्हणून लोक ते दाबतात. रिपोर्ट रीतसर शेअर करायला पाठवणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही प्रो लायसन्स लागतं, दहा जण बघणार तर अकरा लायसन्स. एप्रिल २०२५ पासून एका लायसन्सचा दर महिना १० डॉलरवरून १४ डॉलर झाला, त्यामुळे छोट्या कंपनीत हा मोह आणखी वाढलाय. तिथे पीडीएफ काढून मेल करणं साधं आणि सुरक्षित.

सगळ्यांचा एक डेटा

ज्यांना कंपनीची फाइल झाकूनही आणता येत नाही त्यांच्यासाठी गटाचा एक सामायिक डेटा हवा. अमेरिकेतल्या सायकल दुकानाचा तयार नमुना घेऊ नका. त्यातला आकडा चुकला तर इथे कुणाला खटकत नाही. लासलगावचा कांदा घ्या. बाजार समितीनिहाय रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर आणि पणन मंडळाकडे मिळतात. नाशिकच्या माणसाला कांद्याचा दर डोळ्यांनी तपासता येतो. सरासरी भलतीच आली तर खोलीतला निम्मा गट लगेच 'हे काहीतरी चुकलंय' म्हणतो.

तो डेटा शिकवायलाही फार चांगला आहे. समजा एका दिवशी आवक १८,००० क्विंटल आणि दर १,५०० रुपये. दुसऱ्या दिवशी आवक २,००० क्विंटल आणि दर २,१००. साधी सरासरी येते १,८००. पण विकलेल्या मालाची खरी सरासरी काढायची तर आवक गुणिले दर, त्याची बेरीज भागिले एकूण आवक: ३ कोटी १२ लाख भागिले २०,०००, म्हणजे १,५६०. क्विंटलमागे २४० रुपयांचा फरक. हे एकदा कांद्यावर समजलं की कारखान्यातला माणूस आपणहून विचारतो, 'मग आम्ही पाच मशीनच्या रिजेक्शन टक्क्यांची सरासरी काढतो ती पण चूकच का?' हो, तीच चूक. ५० नग काढणाऱ्या मशीनचे १० टक्के आणि ५,००० नग काढणाऱ्या मशीनचे १ टक्का यांची सरासरी साडेपाच नव्हे. ५५ नग रिजेक्ट भागिले ५,०५०, म्हणजे १.०९ टक्के.

लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकत्र करू नका, काही आठवडे दोन्ही बाजारात असतात आणि दर वेगळे असतात. लिलाव बंद असलेल्या दिवसाला शून्य भरू नका, तो रिकामा ठेवा. शून्याने सरासरी खाली येते.

याच डेटावर आर्थिक वर्षाचा धडा घ्या. तारखांचं स्वतंत्र टेबल, एप्रिल पहिला महिना, महिन्याच्या नावाला महिन्याच्या क्रमांकाने सॉर्ट बाय कॉलम. हे न केल्यास एप्रिलनंतर ऑगस्ट येतो, कारण क्रम इंग्रजी अक्षरांचा लागतो. वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज काढणाऱ्या डेट्सवायटीडी फंक्शनला वर्षअखेर ३१ मार्च आहे हे सांगावं लागतं, नाहीतर ते जानेवारीपासून मोजतं. ऑटो डेट-टाइम बंद करा. प्रत्येक तारखेच्या कॉलममागे ते एक लपलेलं टेबल उभं करतं आणि फाइल फुगते.

लाख-कोटीचा प्रश्न पहिल्या दिवशीच येणार. डिस्प्ले युनिटमध्ये हजार, मिलियन, बिलियन आहेत, लाख-कोटी नाहीत. चालणारा उपाय म्हणजे वेगळा मेजर (रिपोर्टमधल्या हिशेबाचा फॉर्म्युला), एक कोटीने भागलेला, आणि नावातच 'विक्री कोटीत' असं लिहिलेलं. अशा मागण्या कंपनीपर्यंत नेणं हेही गटाचं काम आहे. पॉवर बीआयच्या सूचनांवर मतं देता येतात, सॅसकडेही वापरणाऱ्यांच्या मतपत्रिकेची जुनी पद्धत आहे. एकट्याच्या मेलपेक्षा चाळीस जणांची मतं आणि सोबत नेमका स्क्रीनशॉट यांना वजन असतं.

उत्तर जपून ठेवा

व्हॉट्सॲप ग्रुप लागतोच, पण तो निरोपापुरता. तिथे १,०२४ माणसं मावतात आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. स्त्रियांना त्याचा त्रास होतो, आणि क्लासवाले यादी उचलतात. सुरुवातीपासूनच फक्त संयोजकांना लिहिता येईल असं ठेवा. प्रश्न आणि उत्तरं एका सामायिक शीटमध्ये. प्रत्येक सुटलेल्या फाइलीमागे एक नोंद: विचारणाऱ्याच्या शब्दांत प्रश्न, एररचा मजकूर जसाच्या तसा, पायऱ्या, आवृत्तीचा महिना. मराठीत लिहा, पण टेबल, कॉलम, रिफ्रेश, मेजर हे शब्द तसेच ठेवा. स्क्रीनवर जे दिसतं तेच नोंदीत हवं. 'स्तंभ' आणि 'पुनर्भरण' लिहिलं तर वाचणाऱ्याला बटण सापडत नाही.

शीटची मालकी किमान दोघांकडे आणि दर तिमाहीला एक प्रत बाहेर. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांची पास ही जगभर पसरलेली संस्था १९९९ पासून चालू होती. मोठ्या वार्षिक संमेलनाच्या उत्पन्नावर ती उभी होती. कोरोनात ते उत्पन्न गेलं आणि जानेवारी २०२१ मध्ये संस्था बंद झाली. स्थानिक गटांपुढे तेव्हा आपल्याच सभासदांच्या याद्या आणि जुनी व्याख्यानं वाचवण्याचा प्रश्न उभा राहिला. आपली यादी आणि आपल्या नोंदी कुणा कंपनीच्या किंवा क्लासच्या खात्यात ठेवू नका.

पैसे चहा-बिस्किटापुरते लागतात, ते त्या दिवशी आलेल्यांनी वाटून घ्यावेत. प्रायोजक घ्यायचा झाला तर शेवटी दोन मिनिटं बोलायला द्या, हजेरीची यादी देऊ नका. विद्यार्थ्यांना जरूर बोलवा, पण खोलीत दोन तृतीयांश माणसं नोकरी करणारी हवीत. विद्यार्थी जास्त झाले की बोलणं 'कोणता कोर्स करू'कडे वळतं आणि सिन्नरहून आलेला स्टोअर इन्चार्ज गप्प बसतो. संयोजक तिघं असावेत, जमलं तर तिघं तीन वेगळ्या कंपन्यांचे: एक फाइली गोळा करणारा, एक जागा आणि वेळ सांभाळणारा, एक नोंदी लिहिणारा. सहा महिन्यांनी एकजण बदला.

सभासद किती हा आकडा बघू नका. वेबच्या वापरावर लिहिणाऱ्या याकोब नीलसनने २००६ मध्ये मांडलेलं प्रमाण आहे: शंभरात नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एक सतत लिहितो. त्यामुळे गप्प बसणाऱ्यांवर रागावण्यात अर्थ नाही. तीन आकडे ठेवा: दुसऱ्यांदा किती आले, पहिल्यांदाच कुणी दुसऱ्याला उत्तर दिलं, आणि किती फाइली खरोखर कामाला लागल्या. तिसरा आकडा खोलीत कळत नाही. त्यासाठी बैठकीनंतरच्या मंगळवारी तिन्ही फाइलमालकांना फोन करायचा आणि एवढंच विचारायचं: सोमवारी आकडा जुळला का? जुळला तर नोंदीपुढे खूण. नाही जुळला तर पुढच्या चौथ्या शनिवारी पहिला नंबर त्याच फाइलीचा.